दुपारी जेवायला येणारा

सुरुवातीलाच सांगते, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको — मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी बाई आहे. लोकांच्या शिरेत सुई घालायची, नळी भरायची आणि रिपोर्ट काय म्हणतो ते बघायचं. रिपोर्टमध्ये नाही ते नाही, इतका साधा हिशेब. माहेरी पुण्याला माझी आत्या असल्या गोष्टी रंगवून सांगायला लागली की मी उठून चहा टाकायला जायची. या सदरातले निम्मे अनुभवसुद्धा मी गालातल्या गालात हसत वाचते... तेव्हा माझ्यावर हसायची तुम्हालाही मोकळीक आहे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आम्ही बंगळूरला राहायचो. माझा नवरा श्रीनिवास — घरचा सीनू — एका मोठ्या कॉम्प्युटर कंपनीत होता. सीनू तंजावरचा मराठी. मराठ्यांच्या राज्यात ही माणसं तिकडे गेली आणि तिकडचीच झाली. त्याचं घर कुंभकोणमला. लग्न ठरलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, "मुलगा चांगला आहे गं, पण बोलतो बखर वाचल्यासारखा." माझ्या संगतीत त्याचं मराठी सुधारलं. किंवा बिघडलं, त्याच्या वडिलांना विचाराल तर.

त्या कंपनीला मी नावं ठेवणार नाही. मला ती फार आवडायची. सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण — सगळं तिथे, फुकट, आणि माझ्यापेक्षा चांगलं. न्यायला-सोडायला गाडी. पोहायचा तलाव. कपडे धुवायला टाकले तर इस्त्री होऊन टेबलावर. आईवडिलांच्या औषधपाण्याचा खर्चसुद्धा कंपनीचा. पुण्याला फोनवर मी हे सगळं इतक्या वेळा सांगितलं की शेवटी बहीण म्हणाली, "अगं, मग तूच कर ना त्या कंपनीशी लग्न."

पण हळूहळू लक्षात आलं की सीनूला घरी यायला कारणच उरलं नव्हतं. दोन हजार साल उजाडायच्या आत जगभरातले कॉम्प्युटर दुरुस्त करायचे होते ना, त्यातलं पुष्कळ काम यांच्याकडे. थकलं की तिथेच खोल्या होत्या, गादी-उशीसकट. रविवारी घरी असला तर नुसता भिंतीकडे बघत बसायचा. पूर्वी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायचा, तेही बंद झालं. खारट झालं काय, अळणी झालं काय, सारखंच. मी त्याचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड... सगळं नॉर्मल. आयुष्यात पहिल्यांदा नॉर्मल रिपोर्ट बघून मला रडू आलं.

त्याची मॅनेजर भली बाई होती. तिने स्वतः मला फोन केला. म्हणाली, "दुपारी तो कधी कधी स्क्रीनसमोर बसलेला असतो, पण हाक मारली तर ऐकू येत नाही. डोळे उघडे असतात. तासाभराने आपोआप कामाला लागतो. प्लीज, त्याला कुठेतरी घेऊन जा." कंपनीने रजा दिली, वर उटीच्या रिसॉर्टचं बुकिंग. सीनूने ते पाकीट उघडलंसुद्धा नाही. "कुंभकोणमला जाऊ," एवढंच म्हणाला.

तिथे सीनूचे वडील, अप्पा, एकटेच राहायचे. वीज मंडळातून रिटायर झालेले. सासूबाई गेल्यावर आम्ही बोलावलं होतं, पण कावेरी सोडून यायला ते तयार नव्हते. कामाच्या रगाड्यात सीनूला तिकडे जाऊन दीड-दोन वर्षं झाली होती, आणि ते त्याला खात होतं.

रात्रभराची बस. तंजावर मागे पडलं, सुंदरपेरुमाळ कोयिल गावाच्या आसपास उजाडलं, दोन्हीकडे भाताची खाचरं दिसायला लागली. सीनू काचेला डोकं टेकून झोपला होता. मी मनात म्हणत होते, अप्पा याला बघून रडणार, आता मला दोघांना सावरावं लागणार.

अप्पांनी दार उघडलं. सीनूकडे बघितलं आणि अगदी सहज म्हणाले, "आज सकाळींच आलास कीं रे?" मग मला म्हणाले, "हीहि आली. बरं केलंस. कापी घेतां कीं?"

बस्स, कॉफी विचारली, एवढंच. दीड-दोन वर्षांनी आलेल्या मुलाला!

दुपारी त्यांनी केळीची पानं मांडली. स्वतःसाठी एक, माझ्यासाठी एक, आणि मागच्या दारापाशी वाऱ्याच्या जागी सीनूचं. भात, आंबट वरण, डांगर. मी म्हटलं, "अप्पा, एकट्यासाठी एवढं रोज करता?"

"एकटा कसा?" अप्पा म्हणाले. "हा येतो कीं रोज दोपारीं. जेवतो, तिण्णैवर पडतो थोडका वेळ, जातो." तिण्णै म्हणजे रस्त्याकडचा ओटा.

सीनूचा हात पानावरच थांबला. मी त्याला डोळ्यांनी खुणावलं — बोलू नकोस. असले पेशंट मी पाहिले होते. एकटं राहणारी म्हातारी माणसं, आधी नावं विसरतात, मग काळ विसरतात, मग नसलेली माणसं घरात वावरायला लागतात. जेवणं झाल्यावर मागच्या विहिरीपाशी आम्ही ठरवलं, अप्पांना बंगळूरला न्यायचं. घराला कुलूप. खर्चाची काळजी नव्हती. सीनूने मॅनेजरला फोन लावला तर तिने तासाभरात मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली. खरं सांगते, त्या क्षणी मला त्या कंपनीचे पाय धरावेसे वाटले.

समोर एक मामी राहायच्या. अप्पांच्यावर त्यांचं लक्ष असायचं. तेव्हा निघण्याआधी त्यांच्या कानावर घालावं आणि अप्पांचं हे कधीपासून चाललंय तेही विचारावं म्हणून मी गेले. तमिळ मला ऐकून कळायचं, बोलताना मात्र अर्धे हातवारे.

मामी अडकित्त्याने सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यांना काय झालंय? मागच्या वर्षी जेवायचं सोडलं होतं, तेव्हा न्यायचं होतं. आता मुलगा रोज येतो, तर चांगले सुधारलेत."

मी म्हटलं, "मामी, मुलगा येत नाही हो. तो बंगळूरला असतो."

"मी आंधळी आहे का?" मामी म्हणाल्या. "मला वाटलं इथे जवळच त्रिचीला बदली झाली. दुपारी ओट्यावर झोपलेला असतो. गळ्यात ते फोटोचं कार्ड, नारिंगी दोरीचं. मी एकदा म्हटलंसुद्धा, घरात तरी काढून ठेव रे ते. नुसता हसला. बोलत नाही फारसा. बायकोला का आणत नाहीस विचारलं, तर तेव्हाही हसला."

मी तिथेच मामींच्या पायरीवर बसले. खोटं नाही सांगत. ती कार्डं कंपनीने काही महिन्यांपूर्वीच सुरू केली होती, आणि नारिंगी दोरी सीनूच्या विभागाची. आता इथे येताना कार्ड बंगळूरलाच राहिलं होतं. अप्पांनी ते पाहिलेलं नव्हतं, मामींनी तर नव्हतंच नव्हतं. बरं, विसरभोळेपण संसर्गाने रस्त्यापलीकडे जातं असं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

सीनूला सांगितलं. मला वाटलं घाबरेल. त्याने विहिरीतून पाणी काढून तोंड धुतलं. मग म्हणाला, "तिथे दुपारी कॅन्टीनमधली ती मोठी झाकणं उघडतात ना... वाफ येते. रोज माझ्या मनात एकच यायचं, अप्पा आता काय जेवत असतील? त्यानंतरचं मला काही आठवत नाही." आणि लहान मुलासारखा रडला. मीही रडले. डॉक्टरांची वेळ आम्ही रद्द केली.

रजा संपेपर्यंत सीनू झोपला, उठला, पुन्हा झोपला. चेहऱ्यावर थोडं तेज आलं. पण काळजी मिटली नव्हती. कामाची तारीख जवळ येत होती, तो गेला नाही तर त्याचे सहकारी अडकणार होते, आणि तो गेला तर मला बंगळूरला पुन्हा तोच भिंतीकडे बघणारा माणूस मिळणार होता. संध्याकाळच्या बसची तिकिटं काढली होती.

शेवटच्या दिवशी दुपारी पानं मांडून झाली, सीनू येऊन बसला, आणि अप्पा रस्त्याकडच्या दारात उभेच. मी म्हटलं, "अप्पा, सीनू बसलाय, या ना."

"हो, हा अहे," अप्पा म्हणाले. "पण तो येईना कीं. तुम्ही आल्यापासून येईना."

मी हळूच म्हटलं, "अप्पा, दोघं एकच ना?"

त्यांनी विचार केला. रागाने नाही, दुःखानेही नाही, मला समजावं म्हणून सांगितलं. "नाहीं गे. हा घास घेतां घेतां घड्याळ पाहतो. त्याला घाई नव्हती."

सीनूने ते ऐकलं. मान खाली घालून जेवत राहिला. ताकभात संपवून, हात धुऊन आला आणि मला म्हणाला, "आजची बस नको." मॅनेजरला त्याने स्वतः फोन करून नोकरी सोडतोय म्हणून सांगितलं. हातातलं काम संपवायला तो आणखी काही आठवडे जाऊन आला. ती बाई शेवटपर्यंत चांगलीच वागली. निरोपाला केवढा मोठा केक होता! पुढे त्याने तंजावरच्या एका कॉलेजात शिकवायचं धरलं आणि मला कुंभकोणमच्या लॅबमध्ये काम मिळालं. पगार ऐकून माझ्या बहिणीने फोनवर सुस्कारा टाकला.

याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. मामी खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. पुढे मी अप्पांच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या, डोकं शेवटपर्यंत लख्ख होतं. थकलेलं माणूस एका जागी बसून दुसऱ्या जागी जेवून येऊ शकतं का, हे कुठल्या नळीत भरून तपासायचं? कुणा वाचकाला ठाऊक असेल तर सांगावं. मी ऐकून घेईन, चहा टाकायला उठणार नाही.

तो दुसरा पुन्हा कधी आला नाही. काही वर्षांनी अप्पा अंथरुणाला खिळले. सीनू त्यांना मऊ भात भरवत होता, मी बाजूला उशी नीट करत होते. अप्पांनी घास गिळला आणि त्याला विचारलं, "तो कुठं असेल रे? जेवत असेल कीं?"

सीनूने दुसरा घास कालवला. म्हणाला, "जेवतो, अप्पा. रोज जेवतो."