पेनी बसली नाही

फौजेतली माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या सीमेवर होती, डॉग युनिटमध्ये. मी हवालदार होतो. काम स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्यांचं. रोज सकाळी काफिला निघण्याआधी रस्ता तपासायचा. पुढे कुत्रा, त्याच्या मागे मी, माझ्या मागे बाकीचे. कुत्रा बसला की सगळे जागच्या जागी थांबत. त्या बसण्याला आम्ही इंडिकेशन म्हणायचो.

हे काम मला एका सुभेदार उस्तादांनी शिकवलं. माणूस कडक होता. जवानांना शिव्या घालायचे, पण सर्च डॉगवर आवाज चढवलेला त्यांना चालत नसे. ते म्हणायचे, "कुत्र्याला बारूद कळत नाही. त्याला चेंडू कळतो. या वासापाशी बसलं की चेंडू मिळतो, एवढंच त्याला ठाऊक. तेवढ्यावर तुझा जीव आहे." कुत्रा बसला आणि तिथे काही सापडलं नाही, तरी त्याला शिक्षा करायची नाही. चेंडू देऊ नको, पुढे चल, पण शिक्षा नाही. हा नियम मोडल्यावर एका नाईकाचा कुत्रा काढून घेतलेला मी पाहिला आहे.

फौजेत आम्ही काही फार हळवे नव्हतो. गस्तीच्या कुत्र्यांना चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी असे, झटकाही बसे. मीही दिला आहे. पण गस्तीचं काम वेगळं आणि वासाचं काम वेगळं.

पेन्शनवर आलो आणि नव्वदच्या दशकात बहरीनला गेलो. एका खाजगी सिक्युरिटी कंपनीला डॉग हॅंडलर हवे होते. त्या वर्षांत तिथे गडबड चालू होती. कधी टायर जळत, कधी एखाद्या गाडीत सिलिंडर फुटे. परदेशी लोक राहत त्या इमारतींना, हॉटेलांना कुत्र्यांची पथकं हवी असत. कंपनीने विलायतेहून लॅब्राडोर आणले आणि आमच्यासारखे माजी सैनिक हिंदुस्थानातून.

तिथे मला युसुफ पारकर भेटला. माजी नाईक, पायदळातला. गाव दापोलीच्या बाजूला. मी खेडचा. तो मुसलमान, मी बौद्ध. पण बोली एकच असल्यामुळे पहिल्याच दिवशी आम्ही एका ताटात जेवलो. त्याने कुत्रा कधी हाताळला नव्हता. कंपनीने शिकवायला माझ्याकडे दिला, म्हणून तो मला उस्ताद म्हणायचा.

त्याला मिळाली पेनी. काळी लॅब्राडोर मादी, अंगाने बारीक, नाकाने तेज. युसुफ तिला पेनीबाय म्हणायचा. आम्ही राहायचो त्या लेबर कॅम्पमधले त्याचे काही गाववाले त्याला टोचून बोलत, की नमाजी माणूस आणि दिवसभर कुत्र्याची लाळ. तो वाद घालत नसे. केनेलचे, म्हणजे कुत्रेखान्याचे, कपडे त्याने वेगळे ठेवले होते. ड्यूटी संपली की अंघोळ, मग कपडे बदलून नमाज. एकदा मला म्हणाला, "उस्ताद, रोजी आहे ती. आणि ती बिचारी माझ्या आधी पुढं जाते. तिला नापाक म्हणून हाकलू कसा?"

झल्लाक गावाच्या बाजूला कंपनीची एक मोकळी जागा होती. गुरुवारी आम्ही कुत्र्यांना तिथे नेऊन सराव घ्यायचो. डबे ओळीने लावायचे, एका डब्यात बारुदाचा नमुना. पेनी डब्यापाशी पोहोचली की शेपटी आधी हालायची आणि मग ती धपकन बसायची. बसून युसुफच्या तोंडाकडे बघायची. युसुफ चेंडू टाकायचा आणि स्वतःच जास्त हसायचा. चार-सहा महिन्यांत ती जोडी कंपनीतली सर्वांत चांगली जोडी झाली.

मग हॅरिस आला.

हॅरिस विलायती फौजेतला निवृत्त सार्जंट. कंपनीने त्याला ट्रेनिंग सुपरवायझर म्हणून आणला. त्याच्याबद्दल खोटं सांगणार नाही. तो भित्रा नव्हता आणि आळशीही नव्हता. एक कुत्रा आजारी पडला तेव्हा तो केनेलमध्ये चटई टाकून झोपला होता. पहाऱ्याचे अल्सेशियन त्याच्या एका इशाऱ्यावर जमिनीला चिकटायचे. पण त्याचं एक मत होतं आणि ते त्याने सगळ्या कुत्र्यांना लावलं. कुत्रा म्हणजे लांडगा. लांडग्यांच्या टोळीत एक मालक असतो. तू मालक झाला नाहीस तर कुत्रा मालक होईल. चेंडू आणि खाऊ देणं म्हणजे कुत्र्याला लाच देणं.

त्याच सुमारास क्लायंटच्या तक्रारी आल्या होत्या. जुफैर भागातल्या एका इमारतीच्या पार्किंगमध्ये पेनी दोन-तीनदा बसली. प्रत्येक वेळी इमारत रिकामी करावी लागली. बायका-पोरं उन्हात उभी राहिली. काही सापडलं नाही. त्या गाड्यांतून आधी काय वाहिलं गेलं होतं, हे कुणी विचारलं नाही. क्लायंट म्हणाला, कुत्री बदला नाहीतर कंपनी बदलतो.

पुढच्या गुरुवारी झल्लाकला हॅरिसने पेनीची दोरी स्वतःच्या हातात घेतली. गळ्यात चोक चेन घातली. रिकाम्या डब्यांच्या ओळीतून तिला नेलं. एका डब्यापाशी ती रेंगाळली आणि बसली. हॅरिसने चेनला असा झटका दिला की तिचे पुढचे पाय उचलले गेले. मग तिला उताणी पाडून गळ्यावर हात दाबून धरला. ती नजर फिरवेपर्यंत सोडली नाही.

"ती खोटं बोलते," तो इंग्रजीत म्हणाला. "तिला वाटतं, निर्णय ती घेते. आता तिला कळेल निर्णय कोण घेतं."

युसुफ माझ्याकडे बघत होता. मी पुढे झालो, सावधान उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, परवानगी असेल तर बोलतो."

"बोल."

"सर, गार्ड डॉगला हे चालेल. सर्च डॉगला नाही. बसण्याची शिक्षा झाली तर ती बसणं सोडेल. वास येईल तरी बसणार नाही."

"तुझा फौजेतला अनुभव मला माहीत आहे, हवालदार. माझाही आहे. माझ्या हाताखालचा एकही कुत्रा खोटा बसत नाही."

"सर, खरा बसतो का?"

हॅरिसने दोरी हाताला गुंडाळली. मग म्हणाला, "दॅट विल बी ऑल." म्हणजे विषय संपला.

दोन-तीन गुरुवार हेच चाललं, तेव्हा मी मॅनेजरकडे गेलो. तो आपल्याकडचाच, हिंदीत बोलायचा. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाला, "हवलदार साब, क्लायंट को शांति चाहिए. हॅरिस के आने के बाद एक भी फॉल्स अलार्म नहीं हुआ. मैं हेड ऑफिस को और क्या बोलूँ?" दुसऱ्या दिवशी माझा कुत्रा काढून घेतला आणि मला जुफैरच्या त्याच इमारतीच्या गेटवर बॅरिअर ड्यूटी दिली. व्हिसा कंपनीचा होता. बदलीच्या कागदावर सही केली आणि गेटवर उभा राहिलो.

खरंच फॉल्स अलार्म बंद झाले. पेनी ओळीत चालू लागली. डोकं खाली, शेपटी पोटाशी. हॅरिस तिचं उदाहरण नव्या पोरांना देऊ लागला. युसुफ संध्याकाळी माझ्या खोलीवर येऊन बसायचा.

"ती आता माझ्या तोंडाकडं बघत नाय, उस्ताद," तो एकदा म्हणाला. "हाताकडं बघते. चेन धरलेल्या हाताकडं."

"चेन सैल ठेव."

"ठेवतो. पण तिला काय म्हायत, आज धरणारा कोण."

ती घटना एका शनिवारच्या सकाळची. ऊन अजून चढलं नव्हतं. पार्किंगच्या कोपऱ्यात एक जुनी पांढरी कार उभी होती. इमारतीतल्या कुणाची नव्हती. मी रेडिओवर कळवलं. कंट्रोल रूमला त्या दिवशी हॅरिस होता. त्याने डॉग टू, म्हणजे युसुफ आणि पेनी, यांना पाठवलं. मी गेटबाहेरची वाहतूक अडवली. बॅरिअरपासून कार स्पष्ट दिसत होती.

युसुफने पेनीला पुढच्या बंपरपासून सुरू केलं. ती नीट चालली. ड्रायव्हरच्या बाजूने मागे आली. मागच्या चाकापाशी तिचे पाय मंदावले. डोकं डिकीकडे वळलं, नाक वर गेलं. मग कान मागे चिकटले. तिने एकदा युसुफच्या हाताकडे पाहिलं आणि पुढे चालू लागली.

मी रेडिओ उचलला. "डॉग टू, थांब. तिने वास घेतला. मागे हो."

"ती बसली नाय, उस्ताद."

"बसली नाही तरी मागे हो. लगेच."

मध्ये हॅरिसचा आवाज आला. "गेट, चॅनेल मोकळा ठेव. डॉग टू, इंडिकेशन आहे की नाही?"

युसुफने एकदा पेनीकडे पाहिलं. "निगेटिव्ह, सर."

"मग कार क्लिअर. नंबर आणि डिकीचं लॉक बघून कळव. टोइंगवाला बाहेर थांबलाय."

"रॉजर."

मी बॅरिअर सोडून त्याच्याकडे पळालो. ओरडत होतो. युसुफने माझं ऐकलं असावं, कारण त्याने मान वळवली. पेनी दोरी ताणून कारपासून दूर ओढत होती. तो डिकीजवळ वाकलेला होता.

स्फोट मोठा नव्हता. मी याहून मोठे पाहिले आहेत. पण पेट्रोलची टाकी पेटली आणि आग त्याच्या अंगावर आली. मी आणि टोइंगचा ड्रायव्हर, आम्ही दोघांनी त्याला ओढलं, वाळूत लोळवलं. पोलिसांची गाडी आली. एक शिपाई अरबीत "यल्ला, यल्ला", चला चला, करत लोकांना मागे ढकलत होता. पेनीच्या मिशा जळल्या होत्या, एका अंगाची कातडी सोलली होती. ती पळाली नाही. युसुफच्या पायाशी पोट टेकून पडून राहिली. त्याला ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना तिला बाजूला करावं लागलं.

युसुफ सलमानियाच्या हॉस्पिटलात काही दिवस होता. डॉक्टरांनी शर्थ केली. मला रोज थोडा वेळ आत सोडत. तो शुद्धीवर असला की आधी घरचं विचारायचा, मग पेनीचं. शेवटच्या भेटीत म्हणाला, "उस्ताद, तिची चूक नाय. तिनं सांगितलान होतान. माझ्या हाताकडं बघितलान. मला समजला होता. पण सायबाला काय सांगू, ती बसली नाय तर?"

"बोलू नको. आराम कर."

"तिला कुणी मारू नका म्हणावं."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

कंपनीत तोंडी चौकशी झाली. हॅरिस म्हणाला, कुत्रीला नाक राहिलेलं नाही. मी मॅनेजरला म्हणालो, एकदाच डबे लावा. हॅरिससमोर लावा. मॅनेजरने मान डोलावली. झल्लाकला नाही, केनेलच्या अंगणातच डबे लावले. एका डब्यात नमुना. पेनीच्या अंगावर पट्टी होती. दोरी मी धरली, चेन नाही, साधा पट्टा. ती ओळीने निघाली. नमुन्याच्या डब्यापाशी थबकली. नाक आत गेलं, अंग थरथरलं. मग कान मागे गेले. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, डब्याला वळसा घातला आणि पुढच्या रिकाम्या डब्याकडे चालत गेली.

मी तिला परत फिरवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती डब्यापाशी पोहोचण्याआधीच उताणी पडली आणि गळा उघडा करून स्थिर राहिली.

हॅरिसने टोपी काढली. तो वळून ऑफिसात गेला. पुढे त्याने या विषयावर माझ्याशी एक शब्द काढला नाही. महिन्याभरात दुसऱ्या कुठल्या देशात, दुसऱ्या कंपनीत गेला. तिथेही ट्रेनिंगचंच काम होतं, असं कळलं.

कंपनीने ठरवलं, हॅंडलरची चूक. रेडिओवर तो निगेटिव्ह म्हणाला होता ना. पेनी आता कामाची नव्हती. मी मॅनेजरला म्हणालो, मला द्या, मी सांभाळतो. लेबर कॅम्पमध्ये कुत्रा ठेवता येत नाही, असा नियम निघाला. मी केनेलवर पोहोचलो तेव्हा इंजेक्शन देऊन झालं होतं. केनेल साफ करणारा म्हणाला, "खलास, भाई." तिला गाडीतून नेलं होतं. कुठे, ते त्यालाही माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी नवा ट्रेनर आला. त्याने स्लाइड दाखवल्या. कुत्र्याला बक्षीस देऊन शिकवावं, शिक्षेने तो माहिती लपवतो, असं त्यात होतं. नवी पद्धत म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे बसलो होतो. टाळ्या वाजवल्या नाहीत.

परत येऊन मला बरीच वर्षं झाली. हल्ली इकडे शहरात कुत्र्यांना शिकवण्याचे क्लास निघाले आहेत. लोक येऊन विचारतात, काका, कुत्र्याला दाबात ठेवावं की खाऊ देऊन शिकवावं, तुमचं मत काय? सोफ्यावर चढणाऱ्या कुत्र्याबद्दल त्यांचा वाद असतो. मी म्हणतो, माझं काही मत नाही. मग ते माझ्या बायकोला सांगतात, काका तुसडे आहेत.

जिल्ह्याला माजी सैनिकांचा मेळावा भरतो. सुरुवातीला जिल्ह्यातल्या शहिदांची नावं वाचतात. सगळे उभे राहतात. युसुफचं नाव त्यात नाही, कारण तो गेला तेव्हा अंगावर कंपनीचा गणवेश होता. वाचन संपलं की मी उभाच राहतो आणि मोठ्याने म्हणतो, "नाईक युसुफ पारकर." दोन मिनिटं शांतता नुकतीच पाळून झालेली असते, कुणी बोलायला लागलेलं नसतं, म्हणून ते ऐकू जातं.

गेल्या खेपेला शेजारी एक तरुण सुभेदार उभा होता. त्याने हळूच विचारलं, "कुठल्या ऑपरेशनमध्ये गेले, साहेब?"

"बहरीन."

तो जरा गोंधळला. "तिथे आपली फौज कधी गेली होती?"

"गेली नव्हती," मी म्हणालो. "तो आणि त्याची कुत्री, दोघंच होते."