कंपाउंडरचं रक्त

कोपरीजवळच्या एका दवाखान्यात गुणाजी कंपाउंडर होता. हिवतापाच्या रोग्यांना तो दिवसभर कोयनेल पाजायचा. अठराशे पंच्याण्णवच्या आश्विनात त्यालाच हिवतापानं धरलं. एक दिवसाआड, दुपारी दोनच्या सुमाराला हुडहुडी भरायची. पण औषध कडूजहर! गुणाजी आपला डोस गुपचूप मोरीत ओतायचा आणि ‘घेतला’ म्हणून सांगायचा. असला शूर कंपाउंडर अख्ख्या ठाण्यात दुसरा नसेल, असं त्याचं त्यालाच वाटे.

ताप हटेना, तेव्हा डॉक्टर हरिहरांनी त्याचं बोट टोचलं आणि रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. गुणाजीनं डोळा लावला. फिकट गोल चकत्या, काहींत काळपट ठिपके. त्यानं भिंग पुसलं. ठिपके तिथंच. पुन्हा पुसलं.

"भिंग स्वच्छ आहे, गुणाजीराव," डॉक्टर म्हणाले. "या तुमच्या तांबड्या पेशी. आत जंतू शिरलेत. पेशीतलं सत्त्व खाऊन ते वाढतात, काळे कण म्हणजे त्यांचं उरलंसुरलं. हा बघा, याचे शेवंतीच्या पाकळ्यांसारखे भाग झालेत. आता पेशी फुटणार, पिल्लं नव्या पेशींत घुसणार. मग तुम्हाला..."

हुडहुडीनं गुणाजीचे दात वाजू लागले. भुवई भिंगाच्या नळीवर आपटली.

"पण कोयनेल घेऊनही हे जिवंत कसे?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझा नाही, पण मोरीचा ताप नक्की उतरला असेल, डॉक्टर," गुणाजी कसाबसा म्हणाला.

बाकावर हिवतापाचीच रोगी, मिठागरात राबणारी आवडाबाई बसली होती. चेहरा पांढराफटक. ‘खात नाहीस, म्हणून रक्त आटलं,’ असं गुणाजीनं तिला महिनाभर सुनावलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आवडाबाई, तुमचं रक्तही या जंतूंनीच खाल्लं. मी उगाच बोललो."

"ता ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आदी माज्यासमोर पी."

गुणाजी प्यायला. तोंड इतकं वाकडं झालं की आवडाबाईला हसू फुटलं. मग तीही आपला डोस प्यायली. पंधरा दिवस दोघं समोरासमोर बसून प्यायची. गुणाजीची थंडी थांबली. आवडाबाईच्या ओठांवर लाली यायला मार्गशीर्ष उजाडला.

पुढं नवा रोगी आला की गुणाजी मोरीची गोष्ट सांगायचा. ती सांगताना लाजायचं मात्र त्यानं सोडून दिलं होतं.