मनीप्लांट चोरूनच आणायचा असतो

मी शाळेत मूल्यशिक्षण शिकवते आणि मनीप्लांट चोरते.

यात कुणाला विसंगती दिसत असेल, तर त्यांनी आपल्या खिडकीतला मनीप्लांट कुठून आला ते आधी आठवावं. विकत आणलेला मनीप्लांट लागत नाही, मागून आणलेला तर मुळीच लागत नाही. तो चोरूनच आणावा लागतो. हे मला माझ्या आईने सांगितलं, तिला तिच्या आईने. (दोघीही आयुष्यभर दुसऱ्याच्या टाचणीला हात न लावणाऱ्या!) पण मी पडले शिकलेली. तीन-चार वर्षांपूर्वी नर्सरीतून रीतसर पावती घेऊन दोन रोपं आणली. दोन्ही मेली.

"अगं, तू पाणी घालायला विसरतेस," नवरा म्हणाला. तो इंजिनियर आहे, त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण सापडतं.

"पावतीमुळे मेली," मी म्हटलं आणि विषय संपवला.

आम्ही कसबा पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतो. समोरच्या दारात वंदनाताई, मूळच्या यवतमाळच्या. त्यांचा मनीप्लांट कुंडीतून निघून, जिन्याचा कठडा धरून थेट आमच्या घंटीपर्यंत आलेला. आमच्याकडे येणारा माणूस आधी पान बाजूला करायचा आणि मग घंटी वाजवायचा! रोज हे पाहायचं आणि घरात जाऊन रिकाम्या कुंडीकडे बघायचं. मी काय संत आहे?

एका रविवारी दुपारी ओढणीखाली कात्री लपवून मी बाहेर पडले. एक फांदी धरली, कात्री उघडली, आणि दारही उघडलं.

"काय करून राहिल्या ताई?"

"काही नाही... पानांवर धूळ बसलीय."

"पाहिजे का? अवं, मंग सांगाचं नं! थांबा, देते."

"नको नको! देऊ नका!"

"काहून नको? आमच्या घरचं चालत नाही का तुम्हाला?"

आता काय सांगणार? की बाई गं, तू आत जा, पाठ कर आणि मला सुखाने चोरू दे? पुण्यातल्या माणसाने कसं, 'काय हवंय?' असं दरडावून विचारलं असतं; चोराचाही काही मान राहिला असता. यवतमाळच्या माणसाकडे चोरी करणं केवळ अशक्य! मी स्टीलच्या ग्लासात सहा फांद्या आणि वर डबाभर चिवडा घेऊन परतले. आठ दिवसांत सहाही पिवळ्या पडल्या. चिवडा उत्तम होता.

शेवटची फांदी पिवळी पडली त्या दिवशी जेवताना नवऱ्याने अक्कल पाजळली. "ईरा, तुझी आई चोरी करायला गेली आणि चिवडा घेऊन आली!"

नऊ वर्षांच्या ईराने हातातला घास ताटात ठेवला. नेमकं त्याच आठवड्यात तिने टीव्हीवर अस्वलांच्या कुटुंबाचं एक कार्टून पाहिलं होतं. त्यात अस्वलाची आई शेजारच्यांचं मधाचं पोळं पळवते, आणि ती दारात जाऊन माफी मागेपर्यंत पिल्लू तिच्या हातचं खात नाही.

"मी पण तुझ्या हातचं जेवणार नाही," ईराने जाहीर केलं.

"अगं, पण चोरी झालीच नाही! त्यांनी दिलं!"

"चोरायला गेली होतीस ना?"

"ती पद्धत असते."

"अस्वलाची आई पण हेच म्हणाली."

ईरा खरंच हटली नाही. तीन दिवस ती बाबाने केलेली खिचडी खात होती. (पहिल्या दिवशी ती खिचडी होती. नंतर तिला नाव नव्हतं.) खरं सांगते, मला वाईट वाटलं. आपण भरवून वाढवलेलं पोर ताट उचलून बापाकडे वळतं म्हणजे काय! पण माघार? आणि तीही एका अस्वलापुढे? शक्यच नाही!

चौथ्या दिवशी शाळेतून आल्याबरोबर मी पुन्हा कात्री घेतली. बाहेर जाऊन पाहते, तर वंदनाताईंच्या कुंडीला पाटी! अक्षर ईराचं.

'मनीप्लांट चोरू नये. चोरला असल्यास माफी मागावी. माफीची वेळ सायंकाळी ५ ते ७. उशिरा आल्यास माफ केले जाणार नाही.'

मी कात्रीसकट पाटी वाचत असतानाच वंदनाताई बाहेर आल्या. झालं, संपलं सगळं! त्यांनी पाटी वाचली. एकदा, दोनदा. मग त्या मटकन पायरीवर बसल्या.

"बाप्पा! म्हणजे पोरीनं पाहिलं होतं!"

"काय पाहिलं होतं?"

"तीन वर्षं झाली, ताई. आम्ही नवीन आलो होतो. तुमच्या जिन्याकडच्या खिडकीत कुंडी होती, त्यातली एकच चांगली फांदी होती. ती मीच तोडली वो! आमच्याकडे म्हणतात, चोरूनच लागते."

"बघा!" मी ओरडले. "विकतचा माझ्याकडे मेला, चोरीचा तुमच्याकडे जिना चढला! मी काय सांगत होते?"

आवाज ऐकून दारात आलेला नवरा पाणी घालण्याबद्दल काहीतरी पुटपुटला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"आख्खी कुंडी घेऊन जा ताई, तुमचीच हाये," वंदनाताई डोळे पुसत म्हणाल्या.

आणि मी हबकले. माझीच असेल, तर मी ती चोरणार कशी? जगातला एकमेव मनीप्लांट, जो मला आता कधीच लागणार नव्हता!

तेवढ्यात ईरा दारात आली. "आई, मावशींनी कबूल केलं. आता तू."

तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझा सगळा ताठा गेला. मी कात्री खाली ठेवली, हात जोडले, मान खाली घातली आणि सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वंदनाताई, मी त्या दिवशी धूळ पुसायला आले नव्हते. चोरायला आले होते. चुकलं माझं." वरच्या मजल्यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

ईराने मला मिठी मारली. माझ्या हातची पोळी खाल्ली, तीही दोन. माझे डोळे भरून आले.

हात धुऊन ती माझ्याजवळ आली आणि फ्रॉकच्या खिशातून हिरवीगार फांदी काढून तिने ओट्यावर ठेवली.

"तू माफी मागत होतीस ना, तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं," ती कुजबुजली. "मावशींना माहीत नाही. आता लागेल."

मी कमरेवर हात ठेवले. आईची, शिक्षिकेची, सगळी जरब आवाजात आणली.

"ईरा! गाठ ठेवून तोडलीस ना? नाहीतर मुळं फुटत नाहीत!"