आत्याच्या डब्यातला आवाज

मेडशीला माझी आत्या राहते. घशाच्या कर्करोगात तिचं स्वरयंत्र काढावं लागलं. ऑपरेशनच्या आधी तिच्याजवळ बसून मी तिची रोजची बोलणी रेकॉर्ड केली आणि एका छोट्या डब्यात घातली. बटन दाबलं की डबा तिच्याच आवाजात बोलायचा. तिचे यजमान, आमचे मामाजी, गोठ्यात असले की ती एक बटन दाबायची: "अवो, ऐकलं का?"

असे डबे बनवणं हेच माझं पुण्यातलं काम. आत्याचा डबा अगदी पहिल्या नमुन्यांतला.

डब्यातल्या मेमरी चिपमध्ये साठवलेलं अधूनमधून आपोआप किंचित बिघडतं. म्हणून त्यासोबत पडताळणीचे आकडे ठेवतात. त्यांवरून चूक सापडते आणि दुरुस्तही होते. नव्या प्रोग्राममध्ये आम्ही या आकड्यांची जागा बदलली. त्याला जुनी जागाही ओळखता यावी का, हे मी ठरवायचं होतं. "जुने डबे आता कुणाकडेच नाहीत," असं बैठकीत सांगून मी तो भाग काढून टाकला. आत्या माझ्या मनातही आली नाही.

सोयाबीन निघाल्यावर सुटीत मेडशीला गेले. नव्या प्रोग्राममुळे आवाज मोठा यायचा, म्हणून हौसेनं तो आत्याच्या डब्यात टाकला. शेजारच्या बाया बघायला जमल्या होत्या. आत्यानं मामाजींच्या हाकेचं बटन दाबलं. डबा गप्प. तेच पुन्हा दाबलं, तर नुसती खरखर.

"कालवरी त बोलून राह्यला होता," मामाजी म्हणाले. "आता काहून नाही बोलत?"

काय झालं असावं ते मला तिथल्या तिथे कळलं. पण एवढ्या जणींसमोर जीभ रेटेना.

"बॅटरी गेली असन," मी म्हणाले.

"मंग मी मालेगावहून घेऊन येतो." त्यांनी टोपी घातली आणि तालुक्याची एसटी पकडायला निघाले. मी त्यांना जाऊ दिलं.

बाया पांगल्या. मी आतल्या खोलीत लॅपटॉपवर जुना कोड शोधत बसले. बाहेर आत्या मामाजींना हाक मारायचं तेच बटन पुन्हा पुन्हा दाबत होती. ती खरखर ऐकताना काय चाललंय ते माझ्या लक्षात आलं. प्रत्येक वेळी प्रोग्राम चुकीच्या जागचे आकडे वाचत होता, धड आवाज बिघडलेला समजून 'दुरुस्त' करत होता आणि तोच पुन्हा लिहून ठेवत होता. मी धावत जाऊन तिच्या हातातून डबा हिसकावला. ती दचकली. आपल्याच हातून काही मोडलं असं तिला वाटलं असावं. तिनं माझ्यापुढे हात जोडले.

"आत्या, तुह्या हातानं काई नाही झालं," मी कशीबशी म्हणाले. "मीनंच बिघडवला. बॅटरीचंबी खोटं बोलली मी."

तिनं जोडलेले हात सोडले. मग उठून तिनं चहा ठेवला. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

मामाजी घामाघूम होऊन आले. त्यांनाही सगळं सांगावं लागलं. त्यांनी बॅटरी हातात फिरवली. "फोन करून सांगाचं नं मले," एवढंच बोलले. मग म्हणाले, "असू दे. टार्चले होईन."

आकड्यांची जुनी मांडणी वाचणारा भाग परत घातल्यावर बाकीची बोलणी जशीच्या तशी निघाली, कारण त्यांना प्रोग्रामनं हात लावला नव्हता. फक्त ती हाक गेली. पुण्यातली माझी प्रतही मी जागा मोकळी करताना कधीच पुसून टाकली होती. माझ्या आवाजात भरून देऊ का, असं विचारलं, तर आत्यानं ठामपणे नकाराची मान हलवली. आता ती ताटावर पळी वाजवते आणि मामाजी येतात.

ऑफिसात मी जुन्या मांडणीची ओळख पुन्हा कायमची घालून घेतली. "कुणासाठी?" सहकाऱ्यानं विचारलं. मी खाली बघून म्हणाले, "आहेत कुणीतरी."

परवा मेडशीला गेले तेव्हा मी लॅपटॉपची पिशवी खाली ठेवायच्या आत मामाजी हसत म्हणाले, "आता डब्यात नवं काई नोको टाकू वं बाई." आत्याही आवाज न करता हसली. मी चपला काढायच्या निमित्तानं बराच वेळ वाकून राहिले.