हातपाय थांबले तेव्हा

दुसऱ्यांदाही काट्यावर नातीचं वजन घटलेलंच दिसलं, तेव्हा माझा विश्वासच बसेना. पोर दिवस भरण्याआधी जन्मलेली, म्हणून भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या आमच्या क्वार्टरात मी सगळं नेमानं लावलं होतं. तेल, मालिश, मग हातपायांचा व्यायाम. बाळ जितके हातपाय झाडेल तितकं धट्टंकट्टं होतं, हे आमच्या घरातलं पक्कं मत. ती स्वस्थ पडली की मी दुपटं काढून तिला खेळवायची. लेक म्हणायची, "आई, तू तर पोरीची ड्यूटीच लावून राहिली. प्लांटमधी तरी सुट्टी भेटते!" मी ऐकत नव्हते. डोंगरगडच्या देवीलाही रोज बजावायची, मी माझं सगळं करते आहे, आता तू तुझं कर.

पुन्हा घटलं तर भरती करावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पुढच्या खेपेला दवाखान्याच्या बाकावर पोर रडत होती आणि मी तिचे पाय सायकलसारखे फिरवत होते. शेजारी एक अनोळखी बाई आपलं मूल पदराखाली घेऊन बसलेली. "काबर हलावत हस दाई? महतारी के छाती मा रहन दे," ती छत्तीसगढीत म्हणाली; कशाला हलवतेस, आईच्या छातीशी राहू दे. मी काही बोलण्याआधीच लेकीनं माझ्या हातून पोर घेतली, उघड्या छातीशी धरली आणि वरून शाल ओढली.

रडणं थांबलं. मग पाय थांबले, मग मुठी. मी डोकावले, तर काहीच हलत नव्हतं. "पोर हालून नाई राहिली वो!" ओरडत मी आत धावले.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्या हसल्या. "सो रही है, अम्मा." मग समजावलं, इतका लहान जीव प्यायलेलं दूध रडण्यात आणि हातपाय मारण्यातच खर्चून टाकतो, वाढायला काय उरणार? वरचेवर पाजा आणि अशीच छातीशी राहू द्या.

देवीकडे जे मागत होते, ते मीच रोज उधळत होते.

बाहेर आले, तर ती बाई निघून गेली होती. देवीच आली होती, असं मी म्हणणार नाही. पण काटा हळूहळू वर सरकला. नवरात्रात डोंगर चढून देवीपुढे गेले, तेव्हा काय काय सांगायचं ते ठरवलं होतं. काहीच सांगितलं नाही. पायाशी डोकं ठेवलं आणि रांगेतल्या मागच्या बाईनं ढकलेपर्यंत तशीच राहिले.