तीन नंबरचा लेफ्ट बॅक

ज्या सकाळी मी सौदीला निघालो, त्या सकाळी अब्बा हर्णैच्या जेटीवर खलाशी निवडत होते. घराबाहेर जीप उभी, आई डोळे पुसत डब्यात रोट्या भरतेय, चाची पासपोर्ट कुठे ठेवलास म्हणून चौथ्यांदा विचारतेय, आणि घरातला कर्ता माणूस बंदरावर. शेवटी जीप मीच तिकडे वळवायला लावली.

अब्बा तांडेल, बोटीचे प्रमुख. बोटीवर कोणाला घ्यायचं हे ओळखण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या किनाऱ्यावर कुणी नव्हता. उमेदवाराला ते एक दिवस बोटीवर नेत आणि काही न बोलता बघत राहत. मी सलाम करायला वाकलो तेव्हाही त्यांची नजर एका गड्यावरच होती. "जाल टाकताना सगलेच जोरात असतात," ते म्हणाले. "ओढून झाल्याव रशी कोण गुंडालतो, ता बघ. त्यालाच घे." मला कोणाला घ्यायचं होतं? मी तर स्वतःच कुणीतरी घ्यावं म्हणून इलेक्ट्रिशियनचं सर्टिफिकेट छातीशी धरून चाललो होतो. पण अब्बांचा निरोप तेवढाच होता.

पहिली दोन वर्षं अल खर्जला, एका डेअरीच्या कूलिंग प्लांटवर गेली. कॅम्पातल्या एका खोलीत आम्ही आठजण, त्यातले तिघे दापोलीचे. मग कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, बदलून जेद्दाला आलो, एका विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावरचे दिवे सांभाळायला. तिथला सामने टिपणारा कॅमेरावाला उंचीला घाबरायचा. दिव्याच्या टॉवरवर मी तसाही चढायचोच, म्हणून कॅमेरा माझ्या गळ्यात पडला. होडीच्या डोलकाठीवर चढलेल्या पोराला टॉवरचं काय भय?

वर बसून फुटबॉल बघितला की वेगळंच दिसतं. खाली सगळे बॉलकडे बघतात. वरून बाकीचे दहाजण दिसतात. बॉल गेल्यावर कोण हात उडवत उभा राहतो आणि कोण मुकाट्याने मागे पळतो, हे मला दिसायला लागलं. एकदा मी भीत भीत कोचला काही सांगितलं, ते खरं निघालं. हळूहळू माझ्या हुद्द्यातून 'इलेक्ट्रिशियन' गळालं आणि 'अ‍ॅनालिस्ट' आलं. दरवर्षी विद्यापीठांच्या स्पर्धेनंतर एका मोठ्या क्लबचा माणूस यायचा आणि ट्रायलसाठी पाच नावं मागायचा. ती यादी मी करायचो. गावी आई सांगत फिरायची की पोरगा मोठा साहेब झाला. अब्बा मात्र जेटीवर एवढंच सांगत, "माझ्यासारखीच माणसां निवडतो तो." त्यांना याचाच अभिमान होता.

ऑफिसात द्यायचा तक्ता इंग्रजीत असायचा: वेग, पास, उंची, मार्क. खरं मत माझ्या वहीत, मराठीत. तिथे मराठी वाचणारं होतं कोण! 'ओहोटी लागली की दिसेनासा होतो.' 'बोंबाबोंब फार.' खेळाडूचा नंबर तेवढा तिकडच्या अरबी आकड्यांत लिहायचो आणि आवडला तर भोवती गोल काढायचो. नऊ वर्षांत एकाच नंबराभोवती मी दोन गोल काढले आणि खाली लिहिलं, 'रशी गुंडाळतो.'

तो अब्बास. कतीफचा, मच्छीमाराचा मुलगा, लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, तीन नंबर. पळण्यात मंद. पण बॉल यायच्या आधी दोनदा मान वळवून मागे बघायचा, त्यामुळे त्याला पळावंच लागायचं नाही. सामना हरल्यावर सगळे आत निघून गेले तरी हा मैदानावरचे प्लास्टिकचे कोन गोळा करून जाळीत भरत असायचा. वरून बघताना मला हर्णै आठवायचं, खोटं कशाला सांगू.

त्याच सुमारास सौदीकरणाचा, म्हणजे नोकऱ्या तिथल्याच लोकांना देण्याचा, जोर वाढला. ऑफिसाऑफिसांतून आपली माणसं कमी होत होती. केरळचा अकाउंटंट गेला, हैदराबादचा स्टोअरकीपर गेला, आणि मुदीरने, म्हणजे आमच्या विभागप्रमुखाने, फहदला माझ्या शेजारच्या खुर्चीत आणून बसवलं. पंचविशीतला, शिकलेला, अदबशीर. मला 'उस्ताद' म्हणायचा. काम याला शिकव, मुदीर म्हणाला. शिकवून झालं की तू खलास, हे त्याने बोलून दाखवलं नाही, आणि त्याची गरजही नव्हती.

माझं बिऱ्हाड एव्हाना जेद्दालाच होतं; मुलगी अमीना तेव्हा दहावीत होती, तिथल्या इंडियन स्कूलमध्ये. परत जायचा विषय काढला तर म्हणाली, "पप्पा, टेन्थ के बीच में स्कूल चेंज? नो वे!" आणि धाडकन दार लावून घेतलं. मला एक वर्ष हवं होतं. इकाम्याचं, तिथे राहायच्या परवान्याचं, फक्त एक नूतनीकरण.

म्हणून मी फहदला तक्ता शिकवला, वही नाही. स्टॉपवॉच कसं धरायचं, रकाने कसे भरायचे, सगळं मन लावून. टॉवरवर मात्र कधी नेलं नाही. एकदा त्याने वहीकडे बोट दाखवून विचारलं, यात काय लिहिता? घरचं काही, मी म्हणालो आणि वही मिटली.

स्पर्धा संपली. मुदीरने आम्हा दोघांना वेगवेगळी यादी करायला सांगितली. माझी अजून झाली नव्हती. फहदने त्याची पुढे ठेवली आणि पहिलंच नाव होतं अब्बासचं. कुणी न शिकवता, खालून बघून, या पोराने तोच माणूस ओळखला होता. मला आनंद व्हायला हवा होता. मी तीन नंबरचा तक्ता शोधू लागलो.

"उस्ताद, तुमचं काय मत?" मुदीरने विचारलं.

"सर, फहदची नजर अजून कच्ची आहे," मी म्हणालो. "तीन नंबर स्लो आहे. टायमिंग बघा." आणि तक्ता पुढे सरकवला. तक्त्यात एकही आकडा खोटा नव्हता.

फहद माझ्याकडे बघत राहिला. मग मान खाली घालून म्हणाला, "उस्तादांना जास्त कळतं." यादी माझी गेली. शिकाऊ अजून तयार नाही म्हणून मला एक वर्ष वाढवून मिळालं. त्या संध्याकाळी घरी केक आला.

अब्बासचं ते विद्यापीठातलं शेवटचं वर्ष होतं. दोन दिवसांनी तो मला शोधत आला. मी कुठे कमी पडलो, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. त्याच्या नजरेला नजर देववेना, तरी तोंडातून शब्द गेला, "स्पीड." त्याने शुक्रान म्हटलं. त्यानंतर तीन आठवडे, परीक्षा संपून वसतिगृह रिकामं होईपर्यंत, तो रोज दुपारी उन्हात एकटा पळायचा. या रेषेपासून त्या रेषेपर्यंत, पुन्हा मागे. दिव्यांची कामं अजूनही माझ्याकडेच होती म्हणून मी वर टॉवरवर असायचो. खाली उतरून 'बाबा रे, थांब, तू नाही कमी पडलास' म्हणायला किती पायऱ्या होत्या? छप्पन्न. मी उतरलो नाही. मग तो कतीफला गेला.

वर्षभराने मी निघालो तेव्हा विमानतळावर फहदच सोडायला आला. माझ्या बॅगा त्याने मला उचलू दिल्या नाहीत. अमीनाने त्याला थँक यू म्हटलं आणि मी इकडेतिकडे बघत राहिलो.

हर्णैला आल्यावर दोन महिने कसेबसे काढले. मग एक दिवस फहदला व्हॉइस मेसेज पाठवला. अब्बासबद्दल तू बरोबर होतास, मी खोटं बोललो, सगळं सांगितलं. त्याचं उत्तर तासाभरात आलं. "उस्ताद, मला माहीत होतं. तुमची भाषा मला वाचता येत नव्हती, पण आकडे येत होते. वही टेबलावर उघडी राहिली होती. तीनभोवती दोन गोल होते, बाकी कुणाभोवती एकच. पण तुमच्या मुलीची परीक्षा होती ना." अब्बास आता कतीफच्या मासळी बाजारात काम करतो, खेळणं सोडलं, हेही त्याने सांगितलं. माझ्यावर रागावला असता तर बरं वाटलं असतं.

अब्बा आता थकलेत, डोळ्यांना कमी दिसतं. पण खलाशी निवडायला बोटवाले त्यांनाच बोलावतात. मी आल्यापासून ते मला सोबत नेऊ लागले होते. गडी समोर आला की विचारायचे, "तुला कसा वाटतो?" मी सांगायचो आणि ते माझ्या शब्दावर माणूस घ्यायचे. जेटीवरचे लोक कौतुकाने बघायचे. एका सकाळी मला ते सोसवेना. घरी परतताना मी त्यांना सगळं सांगून टाकलं.

ते वाटेतच थांबले. मग विचारलं, "त्याचा बाप पण दर्यावर जायचा ना?"

"होय अब्बा."

ते काठी टेकत पुढे चालू लागले. दुसऱ्या दिवशी मला न उठवता एकटेच जेटीवर गेले.

जेद्दाला असताना घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी हर्णै म्हणायचो आणि वाद तिथेच संपायचा. आता हर्णैत बसलोय. आई चहा देते, अमीना फोनवरून कॉलेजच्या गप्पा मारते, खाट माझी, उंबरा माझा. अब्बा जेवताना माझ्या ताटात मासा वाढतात, तब्येतीची चौकशी करतात. बंदराचा विषय काढत नाहीत. रोज फजरच्या नमाजानंतर मी कपडे करून ओटीवर बसतो. ते चपला घालतात, काठी शोधतात आणि माझ्यासमोरून निघून जातात. डोळ्यांना कमी दिसतं म्हणून मला हाक मारत नाहीत, असं मी आईला सांगतो.