जाम नदीतली गादी कोणाची?

मित्रहो, दोनदा आंघोळ केली, तरी अंगाचा वास काही जाऊन नाही राहिला.

आज सकाळी जाम नदीची सफाई होती. या काठावर आम्ही पांढुर्ण्याचे, समोरच्या काठावर सावरगावचे. झाडू, घमेले, जोश, सगळं होतं. आपापला काठ दोघांनीही चकाचक केला.

राहिली मधल्या पाण्यात अडकलेली एक गादी. काळी, फुगलेली, आणि तिच्यात गुंतलेलं मेलेलं डुक्कर. अळ्या वळवळत होत्या.

मी पलीकडे ओरडले, "दादा, या ना, मिळून ओढू!"

तिकडून एक काका म्हणाले, "ते तुमच्याकडं हाये ताई. आमचा काठ झाला साफ."

आमच्यातले एक गुरुजी तापले, "अर्ध्याच्या वर तुमच्याकडं हाये ते! आमी कावून काढावं?"

मग चक्क बांबू टाकून नदीचा मध्य मोजणं सुरू झालं! गादी तिथंच. शेवटी गादी दिसणार नाही असे फोटो काढले, तर्री-पोहे खाल्ले अन् सगळे घरी. फोटोत मीही हसून राहिली आहे. गादीपेक्षा आमचीच किळस जास्त आली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीत, याच पाण्यात झेंडा बांधलेलं पळसाचं झाड रोवतात. त्या झेंड्यासाठी दोन्ही काठांवरून दगड चालतात, डोकी फुटतात, तरी लोक मधात घुसतातच. तेव्हा कोणी बांबू घेऊन मध्य नाही मोजत.

सांगा मग, यंदा झेंडा त्या गादीतच रोवायचा का?